शैलेय आणि उष्ट्र

'दगडफूल आणि उंट यांची तुलना करा' असा प्रश्न एखाद्या प्रश्नपत्रिकेत आला, तर विद्यार्थी प्रश्न काढणाऱ्याविषयी काय बोलतील ते सांगण्याची गरज नाही. तुलनेला काहीतरी सामायिक लागते. आपल्या साहित्यशास्त्राने त्याला साधारणधर्म असे नाव दिले आहे. मुख आणि चंद्र यांत आल्हादकत्व आहे, म्हणून उपमा उभी राहते. इथे एका बाजूला शिळेवर किंवा झाडाच्या सालीवर पसरलेला, मूळ-खोड-पान यांपैकी काहीही नसलेला, वर्षाला काही मिलिमीटर वाढणारा जीव आहे. दुसऱ्या बाजूला माणसाने हजारो वर्षे पाळलेले, पाठीवर मदार वागवणारे प्रचंड जनावर. तरीही ही तुलना आम्ही हाती घेत आहोत, याला दोन निमित्ते आहेत. एक कालिदासाच्या 'रघुवंशा'त आहे. दुसरे अमरावती जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याच्या हद्दीत, जानेवारी २०२२ मध्ये घडले.

प्रथम 'रघुवंश'. पाचव्या सर्गात वरतंतूचा शिष्य कौत्स गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी मागायला रघूकडे येतो. विश्वजित् यज्ञात सर्वस्व देऊन बसलेला रघू त्याच्यासाठी कुबेरावर चाल करून जाण्याचे ठरवतो आणि रात्रीतच कोशागारात सुवर्णवृष्टी होते. ते सारे धन शेकडो उंट आणि घोड्या यांच्या पाठीवर लादून कौत्स निघतो. याच सर्गात पुढे रघूचा पुत्र अज विदर्भाकडे प्रस्थान ठेवतो, कारण विदर्भराज भोजाची बहीण इंदुमती हिचे स्वयंवर आहे. सहाव्या सर्गात प्रतिहारी सुनंदा तिला एकेका राजासमोर नेते. शूरसेनांच्या सुषेणापाशी आल्यावर ती सांगते, की याला वर म्हणजे पावसाळ्यात गोवर्धनाच्या गुहांमधून, तुषारांनी भिजलेल्या आणि शैलेयाचा गंध येणाऱ्या शिळांवर बसून तुला मोरांचे नृत्य पाहता येईल. इंदुमती पुढे जाते. (तिने नाकारले ते सुषेणाला, शैलेयाविषयी तिचे मत कवीने नोंदवलेले नाही.) म्हणजे एका काव्याच्या लागोपाठच्या दोन सर्गांत उष्ट्र आणि शैलेय दोन्ही येतात, आणि त्यांच्या मधून जो रस्ता जातो तो विदर्भाचा आहे.

आमच्या अनुभवाप्रमाणे वर्गात हे दोन्ही शब्द चटकन ओलांडले जातात. उंट सर्वांना ठाऊक, म्हणून त्यावर थांबण्याचे कारण नाही. शैलेय कोणालाच ठाऊक नाही, म्हणून 'एक सुगंधी वनस्पती' एवढे म्हणून पुढे जायचे. कोशांत शैलेयाचा अर्थ शिलाजित असाही दिला आहे आणि काही अभ्यासक तो स्वीकारतात. पण भिजलेली शिळा, वर्षाकाळ आणि गंध ही तिन्ही एकत्र आल्यावर आम्हांस दगडफूलच अधिक पटते. 'कुमारसंभवा'च्या पहिल्या सर्गात शिवाचे गण ज्या शिळांवर बसले आहेत त्याही शैलेयाने व्यापलेल्या आहेत, आणि पृष्ठभाग असा व्यापून टाकणे हे दगडफुलाचेच काम. शिवाय अमरकोशाने शैलेयाच्या पर्यायांत 'अश्मपुष्प' हा शब्द दिला आहे. मराठीतला 'दगडफूल' हा शब्द त्याचे शब्दशः रूप म्हणावे असा आहे. हिंदीतही पत्थरफूल, कन्नडातही कल्लू हूवू. इतक्या भाषांनी एकमुखाने त्याला फूल म्हणावे, आणि ते फूल मुळीच नसावे, हा भाषेचा मोठा मौजेचा प्रकार आहे. आणि पुडीतले दगडफूल बहुतांशी दगडावरचेही नसते, ते झाडांच्या सालीवरून खरवडलेले असते. नावातले दोन्ही घटक चुकीचे. तरी नाव अचूक वाटते.

मग ते आहे काय? विज्ञानाच्या मराठीने त्यासाठी 'शैवाक' हा शब्द घडवला, शैवल आणि कवक हे दोन शब्द एकमेकांत मिसळून. पारिभाषिक शब्द सहसा रुक्ष असतात, पण या शब्दाच्या कर्त्याला आमचा नमस्कार, कारण त्या जीवाची घडण त्याने शब्दाच्या घडणीतच उतरवली आहे. शैवाक हा एक जीव नाही. कवकाच्या तंतूंच्या जाळीत शैवलाच्या हिरव्या पेशी (काही जातींत नील-हरित जिवाणू) राहतात. शैवल प्रकाशातून अन्न तयार करते, कवक आसरा, ओलावा आणि क्षार पुरवते. हे प्रथम स्पष्टपणे मांडले स्वित्झर्लंडच्या सिमॉन श्वेंडेनरने, १८६७ साली. त्याच वर्षी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रूळ अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचला. हा योगायोग आम्ही निव्वळ सालासाठी नोंदवत आहोत, त्यातून काही सिद्ध करायचे नाही.

श्वेंडेनरने हे नाते समजावताना मालक आणि दास ही प्रतिमा वापरली. कवक हा मालक, शैवले त्याचे राबणारे बंदे. त्या काळच्या नामांकित शैवाक-अभ्यासकांना हे मुळीच रुचले नाही. विल्यम नीलांडरसारख्या दिग्गजाने ते धुडकावले. जेम्स क्रॉम्बी या अभ्यासक धर्मोपदेशकाने तर जुलमी कवक-स्वामी आणि त्याच्या कैदेतली शैवल-कन्या अशी अद्भुतकथा रंगवून त्याची थट्टा केली. ज्याला आपण आयुष्यभर एक वनस्पती म्हणून नावे देत आलो ती दोन निराळ्या कुळांची जोडगोळी निघावी, हे कोणत्याही वर्गीकरणकाराला दुखणारच. पुढे आल्बर्ट फ्रांक आणि आंतोन द बारी यांनी १८७७-७९ च्या सुमारास 'सहजीवन' ही संकल्पना रुजवली आणि मालक-दासाची भाषा सौम्य झाली. २०१६ मध्ये काही शैवाकांच्या सालीत यीस्टचा तिसरा भिडू सापडल्याचे प्रसिद्ध झाले, आणि त्याचे नेमके काम काय यावर वाद सुरू झाला. वऱ्हाडच्या वाचकाला असा दुहेरी-तिहेरी कारभार नवा वाटू नये. १८५३ च्या तहानंतर हा मुलूख नावाने निजामाचा आणि वहिवाटीने इंग्रजांचा होता. मालक कोण, या प्रश्नाला कागदावर एक उत्तर होते आणि कचेरीत दुसरे.

उंटाच्या बाबतीत मालक कोण, याविषयी कोणास शंका नाही. एका मदारीचा उंट, म्हणजे आपल्याकडचा, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी अरबस्तानाच्या आग्नेय भागात माणसाळला. त्याचे रानटी पूर्वज नंतर नामशेष झाले. आज या जातीचा जन्मजात रानटी उंट जगात कुठेही नाही. ऑस्ट्रेलियात जे मोकाट कळप आहेत ते एकोणिसाव्या शतकात माणसाने नेऊन नंतर सोडून दिलेल्या जनावरांचे वंशज. इथेच आमच्या तुलनेचा पहिला खुंटा रोवला जातो. उंटाला आता परत जायला रान उरलेले नाही. उलट शैवाकाला घरी आणणे कोणास साधलेले नाही: कवक आणि शैवल प्रयोगशाळेत वेगवेगळे वाढवता येतात, मोठ्या कष्टाने पुन्हा जुळवताही येतात, पण दगडफुलाचे पीक कोणी घेत नाही. जे विकले जाते ते सारे रानातून ओरबाडलेले असते. आणि जो जीव पाळला जात नाही त्याच्या आतच पाळणूक चाललेली आहे, हे त्यातले वैचित्र्य.

आता भाषेकडे पाहू. मराठीत दगडफूल हा शब्द मसाल्याच्या यादीपलीकडे फारसा गेला नाही. त्याच्यावर म्हण नाही, वाक्प्रचार नाही. ज्या घरात चैत्र-वैशाखात वर्षभराचा काळा मसाला होतो, तिथे धणे, खोबरे, तेजपान यांच्या जोडीने दगडफूल तेलावर परतले जाते. कच्चे असताना ते निर्गंध, राखाडी, कागदाच्या जळक्या कपट्यासारखे दिसते. तापल्यावर त्याचा खरा वास उठतो. कालिदासाला तो पावसाने मिळाला, आपल्याला कढईने. परंतु जिभेवर असलेली ही वस्तू बोलण्यात मात्र उतरली नाही. उंटाचे उलटे. ज्या मुलखात उंट क्वचित दिसतो त्या मुलखाची बोली उंटांनी भरलेली आहे. उंटावरून शेळ्या हाकणारे आपल्याला प्रत्येक कचेरीत भेटतात. बुद्धिबळाच्या पटावर तो तिरका धावतो. आणि उंटावरच्या शहाण्याची गोष्ट कोणाला ठाऊक नाही? रांजणात तोंड अडकलेल्या जनावराला सोडवायला बोलावलेला शहाणा उंटावरून येतो, उंट आत जाईना म्हणून भिंत पाडायला लावतो, मग जनावराची मान कापायला सांगतो आणि शेवटी रांजण फोडायला. या कथेत उंटाचा काहीएक दोष नाही. भिंत पडते ती वर बसलेल्याने उतरायचे नाकारल्यामुळे. तरी म्हणीत नाव उंटाचेच राहिले.

इतक्या म्हणी आकाशातून पडत नाहीत. उंट दख्खनेत परका नव्हता. शिवकालीन राज्यव्यवस्थेच्या अठरा कारखान्यांत हत्तींच्या पीलखान्याच्या बरोबरीने उंटांचा उष्टरखाना होता. पेशवाईच्या पत्रव्यवहारात तर सांडणीस्वार पदोपदी भेटतात. सांडणी म्हणजे जलद चालीची उंटीण, आणि तातडीची बातमी म्हटली की सांडणीस्वार दौडवायचा, हा रिवाज. उंटाच्या पाठीवर बसवलेल्या लहान तोफांना जंबूरक आणि शुतरनाळ अशी नावे होती. वऱ्हाड तर फौजांच्या वाटेवरच होते. १५९६ मध्ये ते मोगलांकडे गेले आणि शाहजादा मुरादने बाळापुराजवळ शाहपूरला आपला तळ केला. अबुल फझलच्या 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन आहे, एलिचपूर, गाविल, नरनाळा ही नावे त्यात आहेत, आणि त्याच ग्रंथात शाही उंटांसाठीही स्वतंत्र जागा आहे: त्यांचे प्रकार, खुराक, साज. दोन शतकांनंतर, २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अडगावला (इंग्रजी कागदांतले आरगाव) आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला आणि १५ डिसेंबरला गाविलगड घेतला. त्या काळच्या दख्खनी फौजेत, मग ती कोणाचीही असो, बैल, हत्ती आणि उंट यांच्यावाचून सामान हलत नसे.

मात्र हेही सांगितले पाहिजे, की वऱ्हाडच्या रोजच्या वाहतुकीत उंट स्थिरावला नाही. रेल्वेपूर्वी इथला कापूस बैलांच्या पाठीवरून शेकडो मैल दूर मिर्झापूरपर्यंत जाई. त्याचे एक कारण पायाखाली आहे. उंटाचे तळवे रुंद, मऊ गादीसारखे. वाळूत ते रुतत नाहीत, पण ओल्या काळ्या मातीत घसरतात. ज्या जमिनीने वऱ्हाडला पांढरे सोने दिले तीच जमीन पावसाळ्यात उंटाला पाडते. ही काळी माती ज्या खडकाची झीज होऊन तयार झाली, त्या खडकावर आजही शैवाक बसलेले आहेत. त्यांची आम्ले आणि कवकतंतू खडकाचा पृष्ठभाग कणाकणाने सोडवतात. वारा, पाणी, उष्णता यांच्या जोडीने खडकाची माती करण्याच्या कामात त्यांचाही अल्पसा वाटा असतो. गाविलगड आणि नरनाळ्याच्या तटांवर राखाडी, पिवळट, काळसर ठिपके दिसतात, ते पुष्कळांना रंग उडाल्याचे डाग वाटतात. थंड प्रदेशांत अशा ठिप्क्यांच्या व्यासावरून दगड केव्हा उघडा पडला याचा अंदाज बांधतात; रोलांड बेशेलने ही पद्धत १९५० मध्ये मांडली. किल्ला कोणी बांधला हे शिलालेख सांगतो. तो केव्हापासून ओसाड आहे, हे सांगण्याची क्षमता शैवाकात असते.

साधारणधर्म शोधायचा तर तो पाण्यापाशी आहे. दोघेही कोरडेपणाचे जीव, पण कोरडेपणाशी वागण्याच्या त्यांच्या रीती परस्परविरुद्ध आहेत. उंट पाणी सोडत नाही. मदारीत पाणी नसते, चरबी असते, ही गोष्ट आता शाळकरी मुलांनाही माहीत झाली असावी. खरी किमया शरीराच्या हिशेबात आहे. तहानलेला उंट दिवसा अंगाचे तापमान चढू देतो आणि रात्री उतरू देतो, सुमारे ३४ पासून ४१ अंशांपर्यंत, म्हणजे घाम गाळून थंड राहण्याचा खर्च वाचतो. त्याच्या तांबड्या रक्तपेशी लंबगोल असतात. शरीराच्या वजनाच्या चतुर्थांशाइतके पाणी गमावूनही तो उभा राहतो, आणि पाणवठा मिळाला की दहाएक मिनिटांत शंभर लिटर पितो. शैवाक असे काहीच करीत नाही. हवा कोरडी झाली की तो स्वतःही कोरडा होतो, श्वसन आणि अन्ननिर्मिती जवळजवळ थांबवतो, कुरकुरीत होऊन पडून राहतो. दव पडले, धुके आले, पावसाची सर आली की काही मिनिटांत हिरवट होऊन पुन्हा कामाला लागतो. २००५ मध्ये युरोपीय शास्त्रज्ञांनी दोन जातींचे शैवाक यानाबाहेर उघड्या अवकाशात सुमारे पंधरा दिवस ठेवले. परत आणल्यावर ते जिवंत होते. एकाने दुष्काळाशी झुंज घ्यायची, दुसऱ्याने त्याला शरण जाऊन तो उलटू द्यायचा. ज्या प्रदेशात पावसाच्या एका ओढीने घरे मोडतात, तिथल्या वाचकाला या दोन रीतींतला फरक निव्वळ जीवशास्त्राचा वाटणार नाही.

वऱ्हाडात एक खारपाणपट्टा आहे. पूर्णेच्या खोऱ्यात, दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा या तालुक्यांतून पसरलेला. तिथे विहीर खणली तर खारे पाणी लागते. माणसाला पिता येत नाही, पिकाला देता येत नाही. उंट मात्र मचूळ पाणी आणि खारी झुडपे सहन करतो. वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाळू येते. पण कच्छात खारी दलदल आहे, काटेरी झाडोरा आहे, आणि तिथे उंट आहेत. उंटाचे पूर्वज तर वाळूतले नव्हतेच. हे कुळ उत्तर अमेरिकेत उपजले, आणि कॅनडाच्या अतिउत्तरेकडील एल्स्मिअर बेटावर सुमारे ३५ लाख वर्षांपूर्वीच्या एका प्रचंड उंटाचे अवशेष सापडल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा तिथे जंगल होते आणि लांबलचक बर्फाळ हिवाळा. रुंद पाऊल बर्फातही उपयोगी पडले असेल, मदार त्या हिवाळ्यासाठीही असेल, असे संशोधकांचे अनुमान आहे. 'वाळवंटातले जहाज' हे विशेषण मराठी शालेय पुस्तकांनी आपल्या मनावर इतके कोरले आहे, की ते उपमान होते हेच आपण विसरलो.

उपमानाची ही विस्मृती कोणाला किती महागात पडू शकते, हे जानेवारी २०२२ मध्ये दिसले. कच्छहून पायी आलेले पाच पशुपालक आणि त्यांच्याबरोबरचे ५८ उंट यांना अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासर पोलिसांनी अडवले. हैदराबादच्या एका प्राणिरक्षक कार्यकर्त्याची तक्रार होती, की हे उंट कत्तलीसाठी तिकडे नेले जात आहेत. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला, माणसे अटकेत गेली, उंट अमरावतीच्या गोरक्षणात ठेवण्यात आले. पशुपालकांचे म्हणणे साधे होते: आपले भाईबंद रबारी विदर्भात आणि छत्तीसगडात मेंढ्या-शेळ्यांचे कळप घेऊन वर्षानुवर्षे फिरत आहेत, बिऱ्हाड वाहायला त्यांना तरुण उंट लागतात, ते पोचवायला आपण निघालो आहोत.

हे म्हणणे खरे की खोटे हे न्यायालयाने पाहायचे होते, आणि पुढे न्यायालयाने उंट मालकांच्या हवाली करण्याचा आदेश दिलाही. तक्रार करणाऱ्यांचा हेतू जनावरांच्या हिताचा होता, याविषयी आम्ही शंका घेत नाही. उंटांच्या चोरट्या वाहतुकीच्या तक्रारी त्याआधीही झाल्या होत्या. आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. वऱ्हाडात उंट दिसणे हीच मुळात संशयास्पद बाब आहे, असे त्या दिवसांत पुष्कळांनी सहज गृहीत धरले. उंट वाळवंटातला, मग तो कापसाच्या मुलखात कशाला? वस्तुतः वऱ्हाड-विदर्भातल्या शेतकऱ्याला कच्छ-काठेवाडकडच्या मेंढपाळांचे तांडे नवे नाहीत. पीक निघाल्यावर शेतात मेंढ्या बसवायच्या, लेंडीखत घ्यायचे, बदल्यात धान्य किंवा पैसे द्यायचे, हा व्यवहार अनेक दशकांचा आहे. त्या तांड्यात खाटा, भांडी, वाटेत जन्मलेली कोकरे हे सारे उंटाच्या पाठीवर असते. ज्याने शेतात मेंढ्या बसवल्या आहेत त्याला उंटाचा संशय आला नसता.

गोरक्षणात आणखी एक अडचण होती. गाय खाली मान घालून चरते, उंट वर मान करून झाडपाला ओरबाडतो, आणि त्यासाठी त्याला दिवसभर हिंडावे लागते. आवारात बांधून कडबा-कुटार घालणे हे गाईचे पालन झाले, उंटाचे नव्हे. दया होती, पण ती गाईच्या मापाची होती. 'हितोपदेशा'त चित्रकर्ण नावाच्या उंटाची गोष्ट आहे: तो तांड्यातून चुकून अरण्यात येतो, सिंह त्याला अभय देतो, आणि पुढे त्या अभयाच्याच चौकटीत, मोठ्या सौजन्याने, त्याचा घास होतो. दोन घटना सारख्या आहेत असे आम्ही म्हणत नाही. ५८ उंटांना कोणी खाल्ले नाही. पण ज्याला आपण ओळखत नाही त्याला आसरा देताना काय होऊ शकते, हे त्या कथाकाराला कळले होते.

इथे अमरकोशाची आठवण पुन्हा होते. अमरसिंहाने सिंह, वाघ यांच्यासाठी सिंहादिवर्ग केला. उंट त्यात नाही. त्याने उंट घातला वैश्यवर्गात, बैल, गाय, शेळी, मेंढी यांच्या शेजारी, कारण त्याच्या लेखी उंट म्हणजे कोणाचे तरी उपजीविकेचे साधन. उंटाच्या पर्यायांत 'क्रमेलक' असा शब्द आहे, आणि तो ग्रीकांकडून आला असे विद्वान मानतात. म्हणजे शब्दही चालत आला, जनावरही चालत आले. अमराने प्रदेश विचारला नाही, काम विचारले. कोशकाराचे हे शहाणपण आम्हांस फार मोलाचे वाटते.

दुर्मीळ कोण, हा प्रश्न उरला. शैवाक दुर्मीळ आणि उंट पाळीव, म्हणून विपुल, अशी वाटणी मनात आपोआप होते. २०१२ च्या पशुगणनेत देशातले उंट सुमारे ४ लाख होते. २०१९ च्या गणनेत ते सुमारे अडीच लाखांवर आले. सात वर्षांत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घट. राजस्थानने २०१४ मध्ये उंटाला राज्यप्राणी केले आणि २०१५ च्या कायद्याने कत्तल व राज्याबाहेर नेणे यांवर बंधने घातली. विक्रीचा बाजार आटल्यावर पाळणाऱ्यांना उंट परवडेना, अशी तक्रार तेथील पशुपालक करीत आले आहेत. ज्याचे रान आधीच संपले आहे असे जनावर पाळणारे हातही सोडू लागले, तर ते जाणार कोठे? पाळीवपणा ही दुर्मीळतेपासूनची हमी नव्हे.

शैवाकाची अडचण मोजदादीच्याही आधीची आहे. भारतात शैवाकांच्या अडीच हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. लखनौच्या ध. ध. अवस्थींनी या अभ्यासाचा पाया घातला; पुण्यात आजच्या आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन, उर्मिला मखिजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके हे काम केले. त्यांच्या कामाचा मोठा भाग ग्राफिडेसी या कुळावर आहे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याने हे कुळ एकदा तरी पाहावे. गुळगुळीत सालीवर काळ्या, वाकड्या, फाटे फुटलेल्या रेघा, मोडीतले एखादे फाटके पत्र वाटावे अशा. नावही लिपीवरूनच पडले. त्या रेघा म्हणजे बीजाणू तयार करणारे भाग. त्यांच्या कडा, रंग, आतल्या बीजाणूंचे कप्पे, रसायनांना मिळणारा प्रतिसाद पाहून जात ठरते. म्हणजे वाचनच, आणि तेही पाठचिकित्सेच्या तोडीचे. परदेशात एरिओडर्मा पेडिसेलॅटम नावाचा एक शैवाक २००३ साली धोक्यातील जातींच्या जागतिक लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त' म्हणून नोंदला गेला, कारण तो कुठे किती उरला हे कोणीतरी झाडे मोजत हिंडले होते. नोंद होण्यासाठी आधी वाचक लागतो. आपल्याकडे मेळघाटच्या जंगलात वाघाच्या पावलांची नोंद १९७३-७४ पासून, व्याघ्रप्रकल्प झाल्यापासून, होते. त्याच जंगलातल्या सालींवरच्या रेघा वाचायला बसणारे बोटांवर मोजण्याइतके.

तळेगाव दशासरला अडवलेल्या उंटांची संख्या आपल्याला नेमकी माहीत आहे. ती पोलिसांच्या कागदात आहे, न्यायालयाच्या कागदात आहे, वर्तमानपत्रांत छापून आली आहे. अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या बाजारात मिळणाऱ्या दगडफुलाच्या पुडीवर फक्त वजन आणि किंमत असते. हिमालयाच्या कोणत्या उतारावरून की दक्षिणेतल्या कोणत्या डोंगरावरून ते आले, एका पुडीत किती जाती मिसळल्या आहेत, त्यांतली एखादी त्या डोंगरावर शेवटची होती काय, याचा पंचनामा होत नाही. पुडी रिकामी केली की तळाशी सालीचे कपटे आणि चिमूटभर माती उरते. घरोघरी ती चाळून टाकून देतात.